बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू आणलंय? मग आधी किड्यांना जेवू घाला

आता आपल्याकडं जालना, नांदेड, लातूरची पोरं पण बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पाळायलेत, आणि पिल्लू घरी आलं की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, ह्याला खायला काय घालू. त्यावर मी उलटं विचारतो की जो किडा तुम्ही त्याला देणार आहात त्या किड्यानं काल काय खाल्लं? बहुतेक जण गप्प बसतात. दुकानातून डब्यात आणलेला रातकिडा कधीचा उपाशी असतो, त्याच्या पोटात काहीच नसतं, म्हणजे पिल्लाच्या पोटात पण टरफलाशिवाय काही जात नाही. बघणाऱ्याला वाटतं लेकरू भरपूर खायलंय, आणि थोड्या महिन्यात पाय थरथरायला लागतात, जबडा मऊ पडतो, मग धावाधाव. म्हणून इथं किड्यांबद्दल जास्त लिहिणारे आणि पिल्लाबद्दल कमी.

हे सगळं बिअर्डेड ड्रॅगनचंच आहे हां, मूळचा ऑस्ट्रेलियातला प्राणी. शेतातनं सरडा, घोयरा नाहीतर घोरपडीचं पिल्लू धरून आणलं असेल तर जिथून उचललं तिथं सोडून या, घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. आणि इग्वाना असेल तर त्याचं जेवणच वेगळं, तो पहिल्यापासून पाला खाणारा, त्याला किडे घालू नका, शिवाय त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. 

आता किड्यांच्या आधी एक मिनिट उष्णतेचं बोलू, कारण त्याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. ह्या प्राण्याचं पोट बाहेरच्या गरमीवर चालतं. अंग तापलं नाही तर खाल्लेला किडा पोटात तसाच पडून राहतो, सडतो. त्याच्या काचेच्या पेटीत, म्हणजे टँकमध्ये, एका बाजूला बल्बखाली जो दगड किंवा फरशी असते तिचं तापमान पिल्लासाठी 40 ते 42 अंश पाहिजे आणि दुसरी बाजू 25 ते 28, म्हणजे त्याला पाहिजे तेव्हा तापता येतं आणि पाहिजे तेव्हा थंड होता येतं. हे मोजायला साधी इन्फ्रारेड गन घ्या, पण कोरोनात कपाळावर धरायची जी गन होती ती नको, ती माणसाच्या अंगासाठी बनवलेली असते, फरशीवर आकडे चुकीचे दाखवते. सकाळी बल्ब लावल्यावर तास दीड तास त्याला तापू द्या आणि मगच पहिलं जेवण. रात्रीचं शेवटचं जेवण लाईट बंद करायच्या किमान दोन तास आधी. आपल्याकडं लाईटचा काही भरवसा नाही, त्यामुळं संध्याकाळी लाईट जायची वेळ ठरलेली असेल तर शेवटचं जेवण दुपारीच उरका नाहीतर बल्ब इन्व्हर्टरवर घ्या, 50-75 वॉटचा बल्ब असतो, इन्व्हर्टरला काही जड नाही.

दुसरा दिवा युव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, तो लांब ट्यूबसारखा येतो. त्याच्याशिवाय अंगात व्हिटॅमिन डी-3 तयार होत नाही, आणि डी-3 नाही तर कितीबी कॅल्शियम चारा ते हाडात जात नाही. घरातली एलईडी ट्यूब ह्या कामाची नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन पण नाही, काच युव्हीबी अडवते. थेट अंगावर पडणारं सकाळचं ऊन मात्र एकदम बेस्ट आणि तेही फुकट, जाळीच्या क्रेटमध्ये ठेवून गच्चीवर न्या, अर्ध्या क्रेटवर टॉवेल टाका म्हणजे सावली राहते, आणि तिथंच बसून राहा कारण कावळा आणि मांजर दोघं टपलेले असतात. काचेचा टँक उन्हात ठेवायचा नाही म्हणजे नाही, पाच दहा मिनिटात आत भट्टी होते.

आता मुख्य विषय. पिल्लाचं जेवण साधारण तीन चतुर्थांश किडे आणि एक चतुर्थांश पाला असं असतं, मोठं झाल्यावर हे उलटं होतं. पहिल्या तीन महिन्यात दिवसातून तीन वेळा, मग सहा महिन्यापर्यंत दोन तीन वेळा, आणि वर्षाचं होईस्तोवर एक दोन वेळा किडे. एका वेळी किती? दहा मिनिटात जेवढे खाईल तेवढे. दिवसाला बारीक 25 ते 50 किडे सहज जातात, पहिल्यांदा आणणाऱ्याचे डोळे पांढरे होतात, एवढंसं जनावर आणि एवढी भूक, पण पहिल्या वर्षात ते बोटाएवढ्याचं हातभर होतं, त्याला लागतंच. किड्याचा आकार मात्र कडक नियमानं, पिल्लाच्या दोन डोळ्यांच्या मधे जेवढं अंतर तेवढाच किडा, त्याच्यापेक्षा मोठा नाही. मोठा किडा घशात अडकतो नाहीतर आतड्यात बसतो आणि मागचे पाय लुळे पडतात. "लहान किडे संपले आता मोठा एकच देतो" हा हिशोब लावायचा नाही.

कोणते किडे? रोजचा म्हणून क्रिकेट, म्हणजे आपला रातकिडा. पुण्यामुंबईकडून पाळलेले मागवता येतात, पण एप्रिल मेमध्ये पार्सलमध्ये निम्मे मरून येतात, त्यामुळं घरीच वाढवलेले परवडतात. मोठा प्लास्टिकचा टब घ्या, झाकणाला मोठी भोकं पाडून आतनं बारीक लोखंडी जाळी चिकटवा, प्लास्टिकची जाळी ते कुरतडतात. आत अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा. पाण्याची वाटी ठेवू नका, त्यात बुडून मरतात, ओला कापूस नाहीतर गाजराची फोड पुरते. अंड्यासाठी एका छोट्या डब्यात ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठेवा, मादी शेपटीकडची सुई त्यात खुपसून अंडी घालते, 30 अंशाच्या आसपास गरमी असली की दहा बारा दिवसात मुंगीएवढी पिल्लं बाहेर पडतात. पूर्ण मोठे व्हायला दीड दोन महिने. म्हणजे दोन तीन टब पुढं मागं चालू ठेवले की प्रत्येक साईझचा किडा कायम हाताशी राहतो. वास येतो, आणि नर रात्रभर ओरडतात, घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. टबातले मेलेले रोज उचलले की वास निम्म्यावर येतो.

आता ह्या किड्यांना खाऊ घालायचं. पिल्लाला द्यायच्या आधी एक दिवस, जमलं तर दोन दिवस, त्यांना शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, तुतीची पानं असं भरपूर द्या. शेवगा तर आपल्याकडं प्रत्येकाच्या बांधावर नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणात, आणि त्याच्या पाल्यात कॅल्शियम दाबून असतं. रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि पिल्लाला पाहिजे बरोबर उलटं, फॉस्फरसच्या दीड दोन पट कॅल्शियम. हा फरक दोन ठिकाणी भरून काढायचा, एक किड्याच्या पोटातून आणि दुसरा किड्याच्या अंगावर पावडर लावून.

पावडर लावायची पद्धत अशी. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, चिमूटभर कॅल्शियम पावडर टाका, मग जेवणापुरते किडे, झाकण लावून हलक्या हातानं गोल फिरवा, जोरात हलवायचं नाही, पाय तुटतात. झाकण काढलं की किडे पिठात लोळल्यासारखे पांढरे दिसतात, मिशा तेवढ्या काळ्या. लगेच टाका, कारण टँकमध्ये फिरत राहिले की पाच दहा मिनिटात पावडर झडून जाते. फॉस्फरस नसलेली, डी-3 नसलेली साधी कॅल्शियम पावडर रोज एका जेवणाला. डी-3 वाली आठवड्यातून दोनदा, कारण डी-3 जास्त झालं तरी विषारी पडतं. मल्टीव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा आणि ते वेगळ्या दिवशी. ब्रँडेड डबी महाग वाटत असेल तर पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो किसून वस्त्रगाळ करा, तो पण कॅल्शियमच असतो. पण कोणी पानाचा चुना लावायचा सल्ला दिला तर ऐकू नका, चुन्यानं तोंड आणि घसा भाजतो. गाईम्हशींचं मिनरल मिक्श्चर पण नको, त्यात फॉस्फरस असतो, म्हणजे जे कमी करायचं तेच वाढवलं.

आता मराठवाड्यातल्या लोकांसाठी खास गोष्ट, जी पुण्यामुंबईच्या पोरांना नशिबात नाही. रेशीम. बीड, जालना, परभणी, धाराशिव, संभाजीनगर, लातूर कुठंही जा, तुतीचा मळा आणि रेशीमचं शेड सापडतं, जालन्यात तर 2018 पासून कोषाचा बाजार भरतो. रेशीम अळी म्हणजे ह्या पिल्लासाठी सगळ्यात चांगल्या खाण्यापैकी एक, मऊ अंग, कडक टरफल नाही, भरपूर पाणी, पचायला हलकी. ओळखीतल्या शेतकऱ्याकडं चॉकी, म्हणजे रेशीम अळीची लहान पिल्लं, आली की मूठभर मागून घ्या, दोन मोल्ट झालेल्या म्हणजे दोनदा कात टाकलेल्या अळ्या असतात, सेंटिमीटरच्या आसपास, पिल्लाच्या तोंडाला बरोबर. त्यांच्यासोबत तुतीची पानं पण आणा, अळी दुसरं काही खात नाही आणि रोज ताजं पान लागतं. शेवटच्या टप्प्यातली बोटाएवढी अळी लहान पिल्लाला नको.

रेशीम अळीचा अजून एक फायदा मला फार पटतो. ती औषधाला इतकी नाजूक असते की तुतीवर नुकतीच फवारणी झालेली असेल तर बॅचच्या बॅच जाते. म्हणजे जी अळी खात पीत ठणठणीत आहे तिचं पान बहुधा स्वच्छ असणार. तरी दोन गोष्टी विचारून घ्या, मोल्टच्या वेळी शेडमध्ये अळ्यांवर चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर टाकतात, त्याच दिवशीच्या अळ्या घेऊ नका, दोन दिवस घरी स्वच्छ पानावर ठेवा. आणि सुस्त, फुगलेल्या, पिवळ्या पडलेल्या, पाणी सुटलेल्या अळ्या घेऊ नका, शेतकरी पण त्या वेगळ्या काढतो, त्यालाच विचारा, तो बघताक्षणी सांगेल.

मीलवर्म नावाच्या अळ्या मत्स्यालयाच्या दुकानात पक्ष्यांसाठी मिळतात. पिल्लाला रोजचं जेवण म्हणून नको, साल कडक असते. नुकतीच कात टाकलेली पांढरी मऊ अळी कधी एखादी चालते. सुपरवर्म, म्हणजे त्याहून मोठी अळी, लहानपणी नाहीच.

आणि शेतातले नाकतोडे. "आमच्या सोयाबीनमध्ये एवढे नाकतोडे आहेत, फुकटचं खाणं" असं प्रत्येक पावसाळ्यात कोणी ना कोणी म्हणतंच. भाऊ, त्याच सोयाबीनवर आणि बाजूच्या कापसावर तुम्ही गेल्या आठवड्यात काय मारलं ते आठवा. तो नाकतोडा मरायचा राहिलाय एवढंच, औषध त्याच्या अंगावर आणि पोटात आहे, आणि शंभर ग्रॅमच्या आतल्या पिल्लाला तेवढं बास होतं. घरातली झुरळं पण त्याच कारणानं नको, कोणत्या घरातून हिटच्या फवाऱ्यातून वाचून आलंय काय माहीत. सगळ्यात वाईट काजवा. मृगाच्या पावसानंतर काजवे घरात येतात आणि लुकलुकणारी गोष्ट पिल्लाला भारी आवडते, पण काजव्यात हृदयावर परिणाम करणारं विष असू शकतं, एका काजव्यानं मोठा बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. जूनमध्ये रात्री टँकला बारीक जाळी पक्की पाहिजे.

पाल्याचं सांगतो. रोज सकाळी थोडा तरी पाला ठेवायचाच, त्यानं ढुंकून बघितलं नाही तरी. शेवग्याचा पाला, तुतीचं कोवळं पान, मेथी अधूनमधून, किसलेला लाल भोपळा, भेंडीचे पातळ काप, जास्वंदीचं फूल, हे सगळं चालतं, लाल जास्वंद तर बऱ्याच पिल्लांना पहिली आवडलेली हिरवळ असते, रंग दिसतो ना. नखाएवढं बारीक चिरा. खात नसेल तर पाल्यावर दोन चार बारीक रेशीम अळ्या सोडा, त्या वळवळतात, ते झडप घालतं आणि अळीसोबत पान तोंडात जातं, हळूहळू सवय लागते. पालक, चुका, घोळ, तांदुळजा ह्या भाज्यांत ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, आत्ताच इतक्या कष्टानं घातलेलं कॅल्शियम बाहेर जातं, त्यामुळं त्या बाजूला ठेवा. हरभऱ्याचा कोवळा पाला आंबट असतो, तो पण नको. कांदा, लसूण, मोसंबी, लिंबू नको. ॲव्होकॅडो विषारी आहे, तो आपल्याकडं कोणी आणत नाही म्हणा. फळ म्हणून पपई, अंजीर, केसर आंब्याचा नखभर तुकडा आठवड्यातून एखाद वेळ. चपातीचा तुकडा, दूध, दही, चिकन, मांजराचं खाणं ह्यातलं काही नाही, पाहुणे आले की कोणीतरी चपाती टाकतंच, लक्ष ठेवा.

किडे टाकताना एकदम सगळे सोडू नका, चार पाच टाकायचे, संपले की पुढचे. पिल्लू आधी मान तिरकी करतं, एका डोळ्यानं किडा बघतं, शेपटीचं टोक जरासं वर येतं आणि मग झेप. हे होत असेल तर भूक आहे. मान फिरवून डोळे मिटून बसलं तर जेवण झालं, उरलेले किडे बाहेर काढा. रात्रभर आत राहिलेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाची बोटं आणि शेपटी कुरतडतात, हे खोटं वाटेल पण खरंय. खाली वाळू टाकू नका, किड्यासोबत वाळू पोटात जाते, वर्तमानपत्र किंवा किचन टॉवेल बरा, शी पण लगेच दिसते. दोन पिल्लं एका टँकमध्ये ठेवू नका, एक खातं आणि दुसरं घाबरून उपाशी राहतं, वर बोटं शेपट्या तोडतात एकमेकांच्या.

पाणी बरीच पिल्लं वाटीतून पीत नाहीत, हलणारं पाणी त्यांना कळतं. नाकाच्या टोकावर ड्रॉपरनं एक थेंब सोडा, जीभ बाहेर आली की पाजत राहा. आठवड्यातून एक दोनदा कोमट पाण्यात पोटापर्यंत बुडेल एवढीच दहा मिनिटं अंघोळ, तिथं पण पितात.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला लागेल कारण पुस्तकी सल्ले आपल्या मेसाठी लिहिलेले नसतात. पत्र्याच्या खोलीत पारा बाहेर 43 असताना आतली थंड बाजू 38-40 ला जाते, म्हणजे पिल्लाला पळायला जागाच राहत नाही. अशा दिवशी तापायचा बल्ब दुपारी बंद करा, युव्हीबी चालू ठेवा, टँक सगळ्यात थंड खोलीत न्या, आणि जेवण सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. कूलरचा झोत थेट टँकवर नको, ओली हवा ह्या प्राण्याला मानवत नाही, छातीत कफ होतो. बल्बखाली बसून तोंड उघडं ठेवलं तर चालतं, ते जास्तीची गरमी सोडतं, पण थंड बाजूला जाऊन पण तोंड उघडंच असेल तर ते भाजतंय, लगेच थंड जागी हलवा. थंडीचं उलटं. परभणीकडं डिसेंबर जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, खोली सकाळी गार असते, मग लेकरू खात नाही म्हणून फोन यायलेत. पहिल्या वर्षात त्याला थंडीतली लांब झोप घेऊ द्यायची नाही, रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, सकाळी बल्ब नीट तापू द्या, भूक आपोआप येते.

नवीन आणलेलं पिल्लू पहिले तीन चार दिवस नीट खात नाही, त्यात घाबरायचं काही नाही, हातात घेऊ नका, टँकच्या तीन बाजूंना कागद लावा. कात टाकताना पण भूक कमी होते. पण गरमी बरोबर, किडा बारीक, कात नाही, तरी आठवडा खात नाही किंवा वजन उतरायलंय, मग डॉक्टर. वजन दर आठवड्याला करा, छोटा डिजिटल काटा ऑनलाईन मिळतो, पिल्लाचं वजन दर आठवड्याला वाढलंच पाहिजे. शी वर पण नजर, तपकिरी भाग घट्ट आणि सोबत पांढरा खडूसारखा भाग, हे बरोबर. पांढरा भाग पिवळा केशरी आणि कडक झाला की पाणी कमी पडतंय. सारखी पातळ आणि घाण वासाची असेल तर जंत नाहीतर कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी असू शकतो, ताजी शी छोट्या डबीत घेऊन तपासायला द्या. परभणी आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, गावातल्या डॉक्टरनं "पाल आहे ना, मग मला नाही कळत" म्हणून हात वर केले तर तिकडं विचारा. जंताचं औषध स्वतःच्या मनानं, शेळीच्या बाटलीतून अंदाजे, देऊ नका.

आणि लग्नसराईत गावाला जायचं असेल तर पिल्लाला दोन दिवसाचे किडे एकदम टाकून कुलूप लावू नका, उरलेले किडे रात्री पिल्लाला कुरतडतात हे वर सांगितलंच. शेजारच्या एखाद्या धीट पोराला आठवडाभर आधी शिकवा, कोणत्या डबीतली पावडर, कोणत्या साईझचा किडा, बल्ब कधी लावायचा. किडे मोजून छोट्या डब्यांत भरून ठेवा आणि प्रत्येक डब्यावर वार लिहा, म्हणजे त्याला फक्त पावडर लावून डब्यातले किडे चार पाच करत आत सोडायचे आणि पंधरा मिनिटांनी उरलेले किडे बाहेर काढायचे एवढंच काम राहतं.